खानावळवाल्या शेजारणी



आमच्या इमारतीखाली एक पोळी-भाजी केंद्र आहे. कामावरून परतताना गेली दोन वर्षं मी तिथून पोळ्या आणते. मागच्या महिन्यात ते तीन दिवस बंद होतं. शेजारच्या दुकानदाराकडे चौकशी करायला गेले आणि अडखळले. ‘त्या पोळीवाल्या बाई’ यापलीकडे मला काही सांगताच येईना. दोन वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. म्हणून आज अशाच बिननावाच्या बायकांचा इतिहास सांगते. गिरणगावातल्या खानावळवाल्यांचा.

मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी १८५४ साली कावसजी दावर यांनी काढली. पुढे ताडदेव, लालबाग, परळ, वरळी, सगळीकडे गिरण्यांची धुराडी उभी राहिली. कोकणातून, घाटावरून पुरुष माणसं आली. बायकापोरं गावी, आणि इथे एका खोलीत दहा-पंधरा जण. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीनं तिथेच पाठ टेकायची. ट्रंक ठेवायला जागा नाही, तिथे चूल कुठून मांडणार?

या माणसांना जेवू घातलं ते चाळीतल्याच बायकांनी. स्वतःचा संसार दहा बाय दहाच्या खोलीत, आणि त्याच खोलीत आणखी पाच-दहा, कधी वीस जणांचं जेवण. पाळी सुटेल तसं वाढायचं, म्हणून पहाटे पेटलेली शेगडी रात्रीपर्यंत विझत नसे. कोणी गावाला गेला तर त्याचे खाडे लक्षात ठेवायचे, कोणाला ताप आला तर त्याच्यापुरती पेज वेगळी शिजवायची.

यांतल्या काही जणी एकेकाळी स्वतः गिरणीत कामाला होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई असे. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. रात्रपाळीला बायकांना बंदी होतीच, त्यात नवी यंत्रंही आली. मालकांना बायका ‘महाग’ वाटू लागल्या आणि त्यांची संख्या घटत गेली. गिरणीचा दरवाजा बंद झाला, पण पोट काही बंद होत नाही. मग हाताशी उरली ती चूल.

या धंद्याचा हिशोब मोठा नाजूक होता. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, पण पीठ, डाळ, रॉकेल तर आजच हवं. मग वाण्याकडे उधारी. ती थकली की सावकार, आणि सावकाराकडे गहाण काय, तर मंगळसूत्र नाहीतर घरातली भांडी. त्यात गिरण्यांत संप झाला की पगार थांबे, माणसांची भूक मात्र थांबत नसे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या संपातही या बायका उधारीवर जेवू घालत राहिल्या. संप सभांमधल्या भाषणांवर चालतो असं आपण वाचतो. तो यांच्या भाकरीवरही चालला होता.

हे ओळखलं प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, पुढे कामगार चळवळीत रमलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरण होतं. पण बँक तारण मागणार, आणि यांच्याकडे ना जागा, ना दागिना. मंडळानं वस्तीवस्तीत गट केले आणि शेजारणीच एकमेकींना जामीन राहिल्या. कोण कष्टाळू आहे, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एका नळावर पाणी भरताना झालेली ओळख बँकेत तारण म्हणून चालली!

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हा गिरणीत पाऊल ठेवता आलं नाही. अनेक जण गावी परतले. त्यांच्याबरोबर खानावळींची थकबाकीही गेली. गिरण्यांच्या जागी आज टॉवर आहेत. किती चात्या होत्या, किती माग होते, याचे आकडे कागदोपत्री सापडतात. या बायकांनी किती भाकऱ्या थापल्या, याची नोंद कोणीच ठेवली नाही.

मैत्रिणींनो, माणसांची किंमत आपल्याला बहुतेक वेळा दार बंद झाल्यावर कळते. चौथ्या दिवशी केंद्र उघडलं. मी आधी नाव विचारलं. त्या हसल्या, नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, “सासूबाई आजारी होत्या. पण ताई, तुम्ही पहिल्याच हं नाव विचारणाऱ्या.” बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

या आठवड्यात तुम्हीही एक करा. दूध टाकणारा, जिना झाडणारी, कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी, यांच्यापैकी एकाचं तरी नाव विचारा. आणि पुढच्या वेळी त्या नावानं हाक मारा.