साथ, शिरगणती आणि विचारपूस

एखाद्या नगरात साथीचा रोग शिरला म्हणजे त्याचा हिशेब दोन वह्यांत लिहावा लागतो. किती माणसे आजारी पडली, किती दगावली आणि किती बरी होऊन घरी गेली, हे पहिल्या वहीत येते. ही वही सरकारी असते आणि ती बहुधा रोजच्या रोज लिहिली जाते. कोणाचा रोजगार बुडाला, कोणाच्या घरची चूल एक वेळच पेटू लागली, कोणत्या मुलीची शाळा सुटली, कोणी बिऱ्हाड मोडून कोणती वाट धरली, हे सारे दुसऱ्या वहीत यावयास हवे. ही दुसरी वही कचेरीत बसून लिहिता येत नाही. तिच्यासाठी नगरवासीयांच्या दारी जाऊन त्यांस विचारावे लागते, आणि त्यांनी खरे सांगावे एवढा त्यांचा विश्वासही मिळवावा लागतो.

सव्वाशे वर्षांच्या अवधीत महाराष्ट्रावर तीन मोठ्या साथी कोसळल्या: 1896 चा प्लेग, 1918 चा इन्फ्ल्युएंझा आणि 2020 चा कोविड. ह्या तिन्ही वेळी लोकांच्या दारावर थाप कोणी मारली, काय विचारले आणि कोणते दार मुळीच वाजले नाही, हा इतिहास बोधप्रद आहे. त्याचे एक टोक मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत असले, तरी दुसरे टोक नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या डोंगरी बाजारगावापर्यंत पोचते. ते कसे, हे क्रमाने पाहावयाचे आहे.

1896 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे निदान केले. मांडवी म्हणजे गोद्यांजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग माणसास होतो, ही गोष्ट त्या वेळी शास्त्रज्ञांसही ठाऊक नव्हती. रोग माणसापासून माणसास लागतो, घाणीत वाढतो, म्हणून घरे धुवावी, सामान जाळावे आणि रोगी अलग करावा, असा सरकारचा समज होता. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा अस्तित्वात आला, आणि माणसास अडविण्याचा, तपासण्याचा व अलग ठेवण्याचा अधिकार अंमलदारांच्या हाती गेला.

पुण्यात त्या अधिकाराचा वापर कसा झाला, हे सर्वश्रुत आहे. रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमण्यात आली, आणि मार्च ते मे 1897 ह्या काळात गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. त्यांस रोगी शोधावयाचा होता. माजघर कोणते, देवघर कोणते, घरात बाळंतीण आहे काय, घरचा कर्ता माणूस गेल्यावर मागे कोण राहिले, ह्यांपैकी कशाशीही त्यांस कर्तव्य नव्हते. त्यांनी दार उघडले, पण घराशी बोलणे झाले नाही. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी आबाळ होते, ह्याची तक्रार पंडिता रमाबाईंना वृत्तपत्रात पत्र लिहून करावी लागली. ज्या मार्च महिन्यात हे शिपाई फिरू लागले, त्याच महिन्याच्या 10 तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या रोगास बळी पडल्या. रोग्याजवळ जाण्याच्या दोन रीती एकाच शहराने एकाच वेळी पाहिल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

सक्तीच्या तपासणीचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. लोक रोगी लपवू लागले. मृत्यू झाला तरी त्याचे कारण दुसरेच सांगू लागले. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या देहापासून औषधी तेल काढतात, अशा भयंकर कंड्या पिकल्या. मुंबईत 1896 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. 22 जून 1897 रोजी पुण्यास रँडसाहेबांवर गोळी झाडण्यात आली. 1898 च्या आरंभी तर नाशिक जिल्ह्यातच, सिन्नर येथे, प्लेगच्या उपायांवरून दंगा उसळला. पुढे सरकारने सक्ती बरीच सैल केली आणि गावोगावच्या प्रतिष्ठितांचे साहाय्य घेण्याचे धोरण पत्करले. भीतीने उघडलेल्या दारातून खरी माहिती बाहेर येत नाही, हा धडा राज्यकर्त्यांस फार महाग पडला.

रोगाची मोजणी अशी बिघडली. माणसांच्या मोजणीचेही तसेच झाले. 1891 च्या शिरगणतीत मुंबई शहराची वस्ती 8,21,764 भरली होती. दहा वर्षांनी, 1901 मध्ये, ती 7,76,006 भरली. वरवर पाहणारा म्हणेल, एवढी माणसे प्लेगने नेली. पण पाच वर्षांनी, 1906 मध्ये, मुंबईत पुन्हा एक स्वतंत्र गणना झाली आणि आकडा 9,77,822 निघाला. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्मास येत नाहीत. ह्यातील अनेक जण 1901 मध्येही मुंबईचेच होते; मात्र मोजणीच्या दिवशी ते मुंबईत नव्हते. 1 मार्चची ती तारीख प्लेगच्या ऐन मोसमातली. रत्नागिरीकडचे रत्नागिरीस, घाटावरचे घाटावर, असे मजूर आपापल्या गावी निघून गेले होते. गणना करणाऱ्याने दार वाजविले, परंतु दारास कुलूप होते.

कुलपामागची माणसे गेली कोठे आणि त्यांनी दिवस कसे काढले, हे त्या आकड्यास सांगता येत नाही. शहर त्यांस गैरहजर म्हणून वगळते, आणि गाव त्यांस पाहुणा समजते. साथीचे सामाजिक परिणाम जाणून घ्यावयाचे तर ह्या दोहोंच्या मधल्या माणसास गाठले पाहिजे.

1918 ची साथ इतकी वेगाने आली की दारावर थाप मारण्यास कोणी उरले नाही. खेड्यापाड्यांत तिला मानमोडी हे नाव पडले. जूनमध्ये मुंबई बंदरात तिची पहिली लाट दिसली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट काळासारखी धावून आली. 6 ऑक्टोबर ह्या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊस बुडाला होता, युद्धामुळे धान्य महाग झाले होते, आणि अर्धपोटी माणसांत ज्वर शिरला. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी चाळींतून औषधे पोचविली.

तथापि मृत्यूच्या नोंदींनी एक गोष्ट लपू दिली नाही. मुंबईत त्या वेळी मृत्यूची नोंद जातवार व धर्मवार होत असे. ज्यांस त्या काळच्या कागदांत खालच्या जातींचे हिंदू म्हटले आहे, त्यांच्यात हजारी 61.6 माणसे मेली, तर युरोपियनांत हजारी 8.3. हवा सर्वांची एक, जंतूही एकच, पण खोली निराळी आणि ताट निराळे. साथ सर्वांस सारखी लेखते, ही समजूत ह्या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. 1921 च्या शिरगणतीत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी भरली. तशी घट त्यानंतरच्या कोणत्याही शिरगणतीत दिसलेली नाही.

लोकांस त्यांच्या संसाराविषयी रीतसर विचारण्याची विद्याही ह्याच सुमारास आपल्याकडे रुजत होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉक्टर हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्यातील अस्पृश्य वस्त्यांची पाहणी केली आणि पुढे पिंपळे सौदागर ह्या खेड्याचा जमाखर्च घराघरांतून मांडला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांचे खर्चाचे अंदाज गोळा केले: भाडे किती, धान्य किती, कर्ज किती. 1930 मध्ये पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या देखरेखीखाली पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली. तिचा पहिला भाग 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या पाहण्या काही साथीसाठी केलेल्या नव्हत्या. परंतु शिपायाने विचारणे आणि अभ्यासकाने विचारणे ह्यांतील भेद त्यांनी प्रस्थापित केला. अभ्यासक घराच्या उंबऱ्याबाहेर थांबतो, आपण कोण व कशासाठी आलो ते सांगतो, आणि न सांगण्याचा घरमालकाचा हक्क मान्य करतो.

पुढे शंभर वर्षांनी, 2020 च्या मार्चमध्ये, ह्या विद्येची कसोटी लागली. 25 मार्चपासून सारा देश टाळेबंद झाला. जुलैमध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर व दहिसर ह्या तीन विभागांतील सुमारे सात हजार रहिवाशांचे रक्त तपासले. झोपडपट्ट्यांत शंभरांतील 57 जणांस, तर इतर इमारतींत 16 जणांस रोग होऊन गेल्याची खूण सापडली. 1918 चे आकडे मृत्यूचे होते, हे संसर्गाचे. तरी दोहोंतून दाटीचीच कहाणी ऐकू येते. दहाजणांत एक नळ आणि शंभरांत एक शौचकूप असेल, तेथे अंतर राखा हा उपदेश कोणी पाळावा?

पोटाची चौकशी दुसऱ्यांनी केली. अझीम प्रेमजी विद्यापीठाने काही सामाजिक संस्थांच्या साहाय्याने 12 राज्यांतील सुमारे 5000 श्रमिकांस एप्रिल-मे 2020 मध्ये दूरध्वनीवरून प्रश्न विचारले. शहरांत दहांपैकी आठ जणांचे काम गेले होते, आणि खेड्यांत दहांपैकी जवळजवळ सहांचे. बहुसंख्य घरांत पूर्वीपेक्षा कमी अन्न शिजत होते. सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. आशा सेविका आणि स्वयंसेवक घरोघर गेले, ताप मोजला, प्राणवायूचे प्रमाण पाहिले, जुने आजार विचारले. 1897 च्या बंदुकीच्या जागी गल्लीतलीच ओळखीची बाई आली, ही सव्वाशे वर्षांची कमाई क्षुल्लक नव्हे. मात्र तिच्या हातातील कागदावर तापाचा रकाना होता. पिठाच्या डब्याचा रकाना नव्हता.

आणखी एक उणीव राहिली. प्लेगनंतर 1901 ची शिरगणती झाली होती, इन्फ्ल्युएंझानंतर 1921 ची. 1881 पासून दर दहा वर्षांनी चालत आलेली ही परंपरा 2021 मध्ये प्रथमच खंडित झाली. साथीमुळे गणना लांबणीवर पडली आणि पुढे तिच्यासाठी 2027 साल ठरविण्यात आले. दोन्ही जुन्या साथींचा मागोवा घेण्यास इतिहासकाराला जो आधार मिळाला, तो ह्या वेळी वेळेवर मिळालाच नाही.

येथे हरसूलची वाट लागते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हे गाव गुजरातच्या सीमेकडील डोंगरांत वसले आहे. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी असे आदिवासी लोक राहतात. पाऊस उदंड, पण जमीन उताराची. भात, नागली, वरई एवढे पीक काढून झाले की शेतात काम उरत नाही. मग बायकामुलांसह माणसे नाशिकची वाट धरतात. कोणी बांधकामावर, कोणी वीटभट्टीवर, कोणी निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांत. फेब्रुवारी ते एप्रिल हा द्राक्षे खुडण्याचा हंगाम. आणि टाळेबंदी आली ती नेमकी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे वर्षाची रोकड हाती पडण्याच्या वेळी.

1 मे 2020 रोजी परप्रांतीय श्रमिकांना घेऊन नाशिकरोड स्थानकातून भोपाळकडे विशेष गाडी सुटली. तिची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्याचे गाव एका दिवसाच्या पायवाटेवर आहे, त्याच्यासाठी गाडीही नसते आणि छायाचित्रही नसते. तो डोक्यावर बोचके घेऊन घाट चढतो आणि दिसेनासा होतो. नगराची पाहणी करणारा त्यास नगरवासी म्हणत नाही, कारण त्याच्यापाशी भाडेपावती नाही. दूरध्वनीवरून विचारणाऱ्यास तो सापडत नाही, कारण डोंगराआड आवाज पोचत नाही. त्याची शिधापत्रिका गावी आणि पोट शहरात, अशी स्थिती वर्षाचे सहा महिने असते. आश्रमशाळा बंद झाल्या तेव्हा त्याच्या मुलांचा केवळ धडा चुकला नाही, तेथे मिळणारे दोन वेळचे जेवणही चुकले. नाशिकच्या इमारती ज्याने उभारल्या, त्याच्या हालाची नोंद नाशिकच्या वहीत नाही, आणि हरसूलच्या वहीत तर तो घरी परतलेला सुखरूप माणूस ठरतो.

म्हणून पुढील काळात नगरवासीयांची पाहणी करावयाची झाल्यास तिचा आरंभ एका साध्या प्रश्नाने झाला पाहिजे: ह्या नगराचा रहिवासी कोणास म्हणावे? जो रात्री येथे निजतो त्यास, की ज्याच्या श्रमावर नगर चालते त्यासही? उत्तर दुसरे असेल, तर पाहणी करणाऱ्याने नाक्यावर थांबून चालणार नाही. त्याला त्र्यंबकची वाट चालून हरसूलच्या बाजारात जावे लागेल, तेथील बोली समजणारा माणूस बरोबर घ्यावा लागेल आणि मजुरी किती थकली, उचल किती अंगावर राहिली, दाणा किती दिवस पुरला, हे बाईमाणसास निराळे व पुरुषास निराळे विचारावे लागेल. जे सांगितले जाईल त्यातून त्यांस काही मिळाले, हेही त्यांच्या दृष्टीस पडावे लागेल. नाहीतर पुढच्या खेपेस दार उघडणार नाही.

पुण्याच्या प्लेगने दार कसे वाजवू नये ते शिकविले. मुंबईच्या 1901 च्या आकड्याने कुलूपबंद दाराचा अर्थ शिकविला. हरसूलच्या पाड्यांवरील कुडाच्या घरांना पुष्कळदा दारच नसते, नुसती ताटी असते. ती वाजवावी लागत नाही. पण तिच्यापर्यंत चालत मात्र जावे लागते.