कोवलमचे थडगे आणि ओरत्तनाडूचे छत्र

चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर, कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. केरळातील त्याच नावाचे स्थळ अधिक प्रसिद्ध असल्यामुळे आमच्याकडे येणारे पाहुणे पुष्कळदा दोहोंत घोटाळा करतात. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत ह्या गावास 'कोव्हलाँग' म्हटले आहे. नबाबी अमलात येथे किल्ला होता. तो फ्रेंचांकडे गेला आणि १७५२ साली क्लाइव्हने तो त्यांच्याकडून घेतला. आज त्या किल्ल्याच्या जागी एक मोठे हॉटेल उभे आहे. इतिहासाची पुस्तके एवढे सांगून पुढे जातात. आम्हांस मात्र ह्या गावाकडे ओढून नेले ते किल्ल्याने नव्हे, तर तेथील कार्मेल मातेच्या चर्चमधील एका थडग्याने.

हे थडगे जॉन दे मॉन्ते ह्या पोर्तुगीज व्यापाऱ्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी मद्रासमध्ये त्याने अपार संपत्ती मिळविली. शहरात व शहराबाहेर त्याचा मोठा जमीनजुमला होता. परंतु घरात सुख टिकले नाही. एकुलता एक मुलगा अकाली गेला, पत्नीचे मन भ्रमिष्ट झाले, आणि एवढ्या ऐश्वर्याचा भोक्ता कोणी उरला नाही. कोवलमचे चर्च त्यानेच बांधविले होते. १८२१ मध्ये तो वारला तेव्हा त्याला तेथेच पुरण्यात आले, आणि त्याची मालमत्ता मृत्युपत्रान्वये चर्चच्या धर्मकार्याकडे गेली. चेन्नईच्या आळवारपेठेत त्याच्या नावाची वसाहत आहे. २०१५ साली एका तमिळ चित्रपटाने त्या वसाहतीची भुताची गोष्ट करून टाकली. ज्या माणसाने आपला शोक दानपत्रात बंदिस्त केला, त्याच्या वाट्याला लोकस्मृतीत अखेर पिशाच्चयोनी यावी, हा न्याय काही आम्हांस रुचत नाही.

मृत्यूने घर रिकामे केल्यावर माणसाने काय करावयाचे, ह्याविषयी धर्म त्याला काहीतरी सांगतो. दुःख नाहीसे करण्याची शक्ती धर्मात आहे की नाही, हा वाद तत्त्वज्ञांनी करावा. इतिहासाच्या वाचकाला दिसते ते एवढेच, की श्रद्धा दुःखाला एक वाट आखून देते. ती वाट कधी चर्चच्या दाराशी जाते, कधी अन्नछत्राशी, आणि कधी जळत्या चितेशीही. ह्या तिन्ही वाटा एकाच काळात एकाच मराठी राजघराण्यात पाहावयाच्या असतील, तर कोवलमहून कावेरीच्या मुखाकडे, तंजावरास जावे लागते.

तंजावरचे भोसले देवभोळे खरे, पण त्यांची श्रद्धा एका देवळापुरती नव्हती. नागूरच्या दर्ग्याचा सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा प्रतापसिंहराजांनी पुत्रप्राप्तीच्या नवसापोटी बांधला, असे परंपरा सांगते. ह्याच प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजीराजे. त्यांच्या उत्तरायुष्यात हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उद्ध्वस्त झाला, आणि पाठोपाठ मुलगा, मुलगी व नातू मृत्यूने नेले. स्वतः राजांना असाध्य व्याधी जडली होती. ते वाड्यात कोंडून घेऊन बसले. कारभार सरखेलाच्या हाती गेला आणि त्याने रयतेस पिळून काढले. ह्या काळात सुमारे ६५,००० माणसे राज्य सोडून निघून गेली, असा आकडा मिशनऱ्यांच्या लेखनात येतो. नैराश्य ही एका माणसाच्या मनातील गोष्ट असते असे आपण मानतो. पण तो माणूस राजा असला, म्हणजे तिचा भुर्दंड नांगरामागच्या कुळाला भरावा लागतो. परागंदा झालेल्या शेतकऱ्यांना परत आणण्यासाठी अखेर ज्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, त्या एका परधर्मी माणसाला मध्ये घालावे लागले. तो माणूस म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

१७८७ मध्ये तुळजाजींनी मृत्यूपूर्वी सरफोजी ह्या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचा हात श्वार्ट्झ ह्यांच्या हाती दिला. चुलते अमरसिंह गादीवर बसले. मुलाच्या जिवास व शिक्षणास धोका दिसू लागला, म्हणून १७९३ मध्ये त्यास मद्रासला हलविण्यात आले. दे मॉन्ते ज्या शहरात व्यापार करीत होता त्याच शहरात हा मराठी राजपुत्र इंग्रजी व गणित शिकत होता.

श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरास वारले. अखेरच्या आजारात त्यांनी सरफोजींना उपदेश केला: प्रजेशी न्यायाने वागावे, अमरसिंहांनाही सौजन्याने वागवावे. त्याबरोबर आपली शेवटची इच्छाही बोलून दाखविली. ती अशी, की सरफोजींनी ख्रिस्ताकडे यावे, म्हणजे परलोकात पुन्हा भेट होईल. पित्यासमान माणसाने मरताना मागितलेली ही गोष्ट होती, आणि सरफोजींनी ती दिली नाही. ते हिंदूच राहिले. पण अंत्यदर्शनास येऊन ते ढसढसा रडले, आणि शवावर त्यांनी जरीचे वस्त्र पांघरले. पुढे जॉन फ्लॅक्समन ह्या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी उठावशिल्प करवून घेतले. तंजावरातील श्वार्ट्झच्या चर्चमध्ये ते आजही आहे. मरणशय्येवरील वृद्ध गुरूचा हात सरफोजींनी हाती धरला आहे, असा तो देखावा.

त्याहून बोलके आहे ते गुरूच्या स्मृतीसाठी सरफोजींनी स्वतः रचलेले लहानसे इंग्रजी काव्य. त्यात ते श्वार्ट्झना पिता म्हणून हाक मारतात. अनाथांचा बाप, विधवांचा आधार, सर्व दुःखांत सांत्वन करणारा म्हणून त्यांचा गौरव करतात. आणि आपण त्यांना शोभेलसे व्हावे, अशी प्रार्थना करतात. अंधारातील माणसांना प्रकाश देणारा, एवढा एक उल्लेख सोडला तर त्यात धर्मसिद्धान्ताचा शब्द नाही. स्वर्ग नाही, मोक्ष नाही, गुरूने इच्छिलेली पुनर्भेटही नाही. त्या काळी अशा स्मृतिलेखात ह्या गोष्टी नसणे हेच अपवादाचे होते. गुरूचा परलोक शिष्याला स्वीकारता आला नाही आणि खोटे बोलणेही त्याला जमले नाही. म्हणून जे दोघांनाही मान्य होते तेवढेच त्याने दगडावर कोरविले, असे आम्हांस वाटते.

श्वार्ट्झ गेले त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले आणि १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले. हाती उरला किल्ला, नेमणूक आणि रिकामा वेळ. त्याच सुमारास त्यांची प्रिय भोगपत्नी मुक्तांबाळ वारली. आपल्या नावाने एक छत्र बांधावे, ही तिची अंतकाळची मागणी. तिच्या नावाचे छत्र ओरत्तनाडूस रामेश्वराच्या यात्रामार्गावर उभे राहिले आणि ते गाव मुक्तांबाळपुरम ह्या नावानेही ओळखले जाऊ लागले. धर्मशास्त्राने जिला राणीपद दिले नाही, तिचे नाव वाटसरूंच्या तोंडी अन्नाबरोबर राहिले.

छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला जे पत्र लिहिले, ते आमच्या मते तंजावरच्या मराठ्यांनी मागे ठेवलेल्या सर्वोत्तम कागदांपैकी एक आहे. ब्राह्मणापासून परय्यापर्यंत सर्वांस तेथे अन्न मिळते. आजारी वाटसरूंस बरे होईपर्यंत औषधपाणी दिले जाते. गरोदर स्त्रियांची देखभाल होते. अनाथ मुलांस आश्रय मिळतो. आणि कोणी मेलाच, तर ज्याच्या त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार केले जातात, असा त्याचा आशय. कुठलासा दूरचा यात्रेकरू, नाव नाही, गाव नाही, परमुलखात मरून पडतो, आणि त्याचा धर्म कोणता एवढे विचारून राजाचे छत्र त्याला अग्नी तरी देते किंवा मूठमाती तरी. अनाथ, विधवा, दुःखी: श्वार्ट्झवरील काव्यातील शब्द येथे व्यवस्थापनाच्या भाषेत पुन्हा आले आहेत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

मात्र ह्याच घराण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तंजावरच्या एका दिवंगत राजाच्या चार राण्यांपैकी दोघी सती गेल्याचे आबे द्युब्वा ह्या फ्रेंच पाद्र्याने लिहून ठेवले आहे. मुक्तांबाळेच्या छत्रात परक्यांच्या गरोदर स्त्रियांची काळजी वाहणारा धर्म आणि राण्यांना चितेवर चढविणारा धर्म वेगळे नव्हते. शास्त्री तेच होते, मंत्र तेच होते. वैधव्याचे नैराश्य आणि परलोकाचा लोभ ह्यांपैकी त्या दोघींना कशाने ओढले, हे विचारण्याची सोय तेव्हा कोणी ठेवली नव्हती.

श्रद्धेचा हा हिशेब मांडताना अश्रद्धेचा पक्ष वगळता येत नाही. ज्यांना परलोक मान्य नाही त्यांना मरणाच्या दारी काय आधार, असा प्रश्न आस्तिक मोठ्या विजयाने विचारीत असतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, मद्रासमध्ये निरीश्वरवाद्यांची सभा होती, तिची नियतकालिके होती. आणि पुण्यात आगरकर होते. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेले ते शरीर १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही न गाठता, निवाले. तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले. आपल्या मरणाचा भार दुसऱ्यावर पडू नये, ही चिंता छत्राच्या पत्रातील चिंतेहून फार दूरची नाही.

ज्या साली दे मॉन्ते कोवलमला पुरला गेला त्या साली सरफोजीराजे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेलेले होते. ते १८३२ मध्ये निवर्तले. त्यांच्या पत्रातील आश्वासनाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र पुढे १७२ वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर झाली. २६ डिसेंबर २००४, रविवार. नाताळचा दुसरा दिवस. सकाळी त्सुनामीची लाट आली. कोवलमच्या कोळीवाड्यालाही तिने सोडले नाही. पण सर्वांत मोठा संहार झाला तो जुन्या तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, नागपट्टणम येथे. एकट्या त्या जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे मेली. वेळांकण्णीस नाताळच्या यात्रेला आलेले भाविक वाळूतच राहिले. प्रेते इतकी होती की ओळख पटविण्यास वेळ नव्हता. मोठे खड्डे खणून हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्रच पुरावे लागले. ज्याचा त्याचा विधी ज्याला त्याला देणे कोणालाही शक्य झाले नाही.

तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी किनाऱ्यावरील कोळी समुद्रात दूध ओततात व फुले सोडतात. हा विधी कोणत्याही पोथीत नाही.