ऑर्गनचे पाय

संगीत रंगभूमीचा इतिहास आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले, १९११ मध्ये गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ‘मानापमान’ गाजले, १९१३ मध्ये बालगंधर्वांनी स्वतःची मंडळी काढली, हे जाणत्या प्रेक्षकास पाठ असते. परंतु रात्र रात्र नटाला सूर देणाऱ्या ऑर्गनचे पाय मोडले, तर ते कोण जोडीत असे? हा प्रश्न विचारला की सभा गप्प होते. आम्ही उमेद कामगार संघटनेत घालविली आणि जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. आम्हांस हा प्रश्न आधी सुचतो, त्याला इलाज नाही.

प्रथम वाद्याचे कूळ पाहू. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने १८४२ च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारण्याची पेटी होती, तीच आपली पायपेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास भाता मागे नेऊन हाताशी आणला, आणि बैठकीत मांडी घालून वाजविण्याची पेटी झाली. नाटकाची गरज मात्र निराळी होती. ध्वनिवर्धक नाही, थिएटर मोठे, नटाचा गळा उंच पट्टीचा. तेथे वादकाचे दोन्ही हात मोकळे हवेत आणि सूर अखंड हवा. म्हणून रंगभूमीवर पायपेटी व पुढे ऑर्गन स्थिरावला.

पियानोलाही पेडल असते, पण ते मोडले तरी पियानो वाजतो. उभ्या पियानोत उजवे पेडल तारांवरच्या नमद्याच्या दाबण्या उचलते, म्हणून सूर रेंगाळतो. डावे पेडल हातोड्या तारांजवळ आणते, म्हणून आवाज मृदू होतो. त्यांचा लाकडी दांडा निसटला तर वादनाची नजाकत गेली, एवढेच. ऑर्गनचे पेडल म्हणजे त्याची छातीच होय. पेडल दाबले की पट्टा लहान भात्याला ओढून उघडतो, तो मोठ्या भात्यातली हवा कातडी झडपेतून खेचून घेतो, आणि पाय उचलताच स्प्रिंग त्याला मिटविते. दोन पाय आळीपाळीने चालतात, मोठ्या भात्यात ओढ टिकते. मग पट्टी दाबली की बाहेरची हवा पितळी सुरांतून आत जाते. पायपेटी फुंकते, ऑर्गन ओढतो, असे थोडक्यात म्हणता येईल. पट्टा तुटला की उत्तम वादकही लाकडी कपाटापुढे बसलेला माणूस!

आता आमच्या मुलखाकडे वळू. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ साली नागपुरास पोचला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा लॉर्ड मेयोच्या हस्ते खुला झाला. फाटा टाकला तो कापसासाठी. पण ज्या रुळांवरून गाठी गेल्या त्याच रुळांवरून नाटक मंडळ्यांच्या पेट्या येऊ शकल्या. उन्हाळ्यात येथे लाकूड तडकते व सरस सुटतो. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते व पेडल खोबणीत अडकते. उंदीर भात्याचे कापड कुरतडतात, हा त्रास विलायतेतही होता. अमेरिकेतील कारखानदार ‘उंदीर शिरणार नाही असे पेडल’ म्हणून जाहिरात करीत.

सुमारे तीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका शाळेचा जुना ऑर्गन उघडला गेला, तेव्हा आम्ही तेथे होतो. एक पेडल खाली पडून राहिले होते, दुसरे हलके चाले पण सूर क्षणात विरे. जिनातून निवृत्त झालेल्या एका फिटरने ते तपासले. त्याने पट्ट्या न दाबता पाय मारले, थांबला, आणि मोठा भाता किती वेळ दम धरतो ते पाहिले. निदान झाले: एका बाजूचा पट्टा तुटलेला, आणि झडपांचे कातडे वाळून कडक झालेले. पट्ट्याला खाटेची सुती नवार चालली. कातड्यासाठी बाजारातल्या मोची काकांना बोलाविले. फिटर व ते जुने ओळखीचे. जिनाच्या यंत्रात सरकीपासून रुई ओढणारा रूळ कातड्याचाच असतो, त्यामुळे कातडे हा दोघांच्या बोलण्यातला नित्याचा विषय. काका रापीने कातडे सोलून पातळ करीत म्हणाले, “भाऊ, ताणून लावलं त फाटन, अन् ढिलं ठेवलं त दम जाईन.” भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आम्ही झडपेचे वर्णन याहून नेमके वाचलेले नाही.

काम दोन दिवस चालले. नंतर मुंबईहून सूर लावणारे गृहस्थ आले, त्यांची पावती नावानिशी हिशेबाला लागली. ती त्यांची विद्या होती, आमची तक्रार नाही. फिटर आणि काका यांची मजुरी ‘किरकोळ खर्च’ या सदरात गेली, नावाविना. काकांना मिळाले ते त्यांच्या दोन दिवसांच्या धंद्याहूनही कमी होते. आम्ही तेथल्या तेथे भांडलो. रक्कम वाढवून मिळाली, सदर मात्र तेच राहिले. नाटक मंडळ्यांच्या हिशेबवह्या ज्यांच्याकडे असतील, त्यांनी हे ‘किरकोळ’ सदर एकदा उघडून पाहावे, अशी आमची विनंती आहे. नटांची आत्मचरित्रे आहेत. सुताराचे, मोच्याचे नाव सापडले तर तेथेच सापडेल.

१९३१ मध्ये बोलपट आला, आणि पुढच्या काही वर्षांत अनेक मंडळ्या मोडल्या. तिकडे अमेरिकेत पाच लाखांवर ऑर्गन बनविणारा एस्टी कंपनीचा कारखाना १९६० साली बंद पडला. त्या घराण्याच्या वाद्याला कारखान्याचा सुटा भाग आता नवा येत नाही. जे करायचे ते येथल्याच हातांनी. एखाद्या संस्थेच्या अडगळीत असे वाद्य असेल, तर सूर बिघडले म्हणून ते मोडीत काढू नये. आधी खालची फळी काढावी, पट्टे पाहावेत, झडपा बोटाने उचलून पाहाव्यात. नवार कोणत्याही पेठेत मिळते. घेताना वीतभर जास्त घ्यावी, कारण पहिल्या आठवड्यात ती ताणते आणि पुन्हा बांधावी लागते.