आजीची मूठ

गाडी लखनौला आली आणि चारबाग स्टेशनच्या छत्र्या दिसू लागल्या, की आजी उभी राहून लुगड्याचा पदर सारखा करायची. वरून पाहिलं तर हे स्टेशन मांडलेल्या बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणतात. आजोबा तिथल्या लोको वर्कशॉपात कारकून होते. 1916 च्या डिसेंबरात गांधी आणि नेहरूंची पहिली भेट इथलीच, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत. लोकमान्यही त्या वेळी लखनौला भरलेल्या काँग्रेसला आले होते. आजी एवढंच विचारायची, "जेवलं काय त्येंनी?"

आजीचं माहेर कराडजवळ. शेजारच्या काले गावात 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्याच्या बोर्डिंगात आजीचा धाकटा भाऊ शिकायला गेला. त्या पोरांच्या पोटासाठी मुष्टिफंड असे. दळायला बसण्याआधी बाईनं सुपातली एक मूठ जोंधळे बाजूला टाकायचे, की बोर्डिंगाची भाकरी झाली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर पोरांसाठी अंगावरचं सोनं मोडलं, हे सांगताना आजीचा आवाज दरवेळी बसायचा.

ती सवय घेऊनच ती चारबागला आली. चुलीशेजारी एक मडकं, रोज त्यात एक मूठ तांदूळ. शेजारच्या नानीनं पाहिलं आणि म्हणाली, "बहनजी, यह तो हमारी मुठिया है!" अवधातल्या बायकाही धर्मकार्यासाठी अशीच मूठ काढत. मग दोन घरांची दोन मडकी झाली. चाळीत कुणी बाळंत झालं, कुणाचा पगार अडला, की मडकं तिकडं जाई. दर महिन्याला की दर पंधरवड्याला, ते आता नीट आठवत नाही. मडकं न्यायचं काम माझं होतं आणि वाटेत कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही, अशी ताकीद होती, ती मात्र पक्की आठवते.

थालीपिठाची भाजणी आजी घरी भाजत नसे. नाका हिंडोल्याच्या बाजूला एक भाड, म्हणजे धान्य भाजायची भट्टी, होती. वाळू तापलेली, धूर डोळ्यांत जायचा आणि भडभुंजीण लांब दांड्याच्या पळीनं हरभरे असे उडवायची की मी भान हरपून बघत राही. भाजणावळ म्हणून ती धान्यातलीच एक ओंजळ ठेवून घेई. पैसे नाहीतच. आजी दुसऱ्या दिवशी तिला गरम थालीपीठ नेऊन द्यायची, तर ती डब्यात सत्तू घालून पाठवायची. आमच्या घरात डबा रिकामा परत करायचा नाही, असा दंडक होता. त्या डब्याच्या येरझाऱ्या आजोबांची बदली होईतो चालल्या असत्या, पण त्यांची बदली कधी झालीच नाही.

महायुद्धात सुट्या नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा म्हणे या ओंजळींनीच घर चाललं. 1943 साली भोकाचा पैसा निघाला. आजीनं त्यातले काही दोऱ्यात ओवून देव्हाऱ्यात ठेवले होते. 1957 ला नवे पैसे आले आणि आण्याचा हिशेब जुळवता जुळवता आजोबा चिडायचे. आजी म्हणायची, "त्येंचा पैसा बदलला, माझी मूठ तेवढीच."

मोठेपणी मी विल्यम वायझर यांचं जजमानी पद्धतीवरचं पुस्तक वाचलं. 1936 साली लखनौहूनच निघालेलं. मैनपुरीकडच्या एका गावात सुतार, न्हावी, धोबी वर्षभर राबत आणि सुगीला धान्य घेत, त्याचा बारीक तपशील त्यात आहे. आमच्या बारा बलुत्यांचंच भावंड ते. पण बलुत्यात कुणाला नाही म्हणायची मुभा होती? बाबासाहेबांनी 1928 साली महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच दुखण्यावर, आणि दया पवारांचं 'बलुतं' वाचून झाल्यावर मला कित्येक दिवस सुगीच्या राशींचं कौतुक सांगवेना. अवधातही 1920 साली शेतकऱ्यांना घेऊन बेगारीविरुद्ध उभा राहिला तो बाबा रामचंद्र, मूळचा मराठी माणूस, फिजीत गिरमिट्या, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून राबून आलेला. आजीच्या मडक्यात मूठ पडायची ती तिच्या मनानं. माझ्या लेखी फरक आहे तो इथंच.

आणि कमेटी! आपल्याकडची भिशी, लखनौत कमेटी. 12 जणी, महिन्याला 5 रुपये, जिची चिठ्ठी निघेल तिचे 60. चिठ्ठी मी उचलायचो, कारण लहान पोराच्या हाताला लबाडी ठाऊक नसते म्हणे. 1958 साली आजोबा निवृत्त झाले आणि आम्ही कराडला परत निघालो, तेव्हा आठवा महिना चालू होता आणि आजीची चिठ्ठी निघालेली नव्हती. नानीनं चिठ्ठ्यांची वाटी उपडी ठेवली आणि सगळे रुपये आजीच्या ओच्यात टाकले.

कराडहून आजीनं उरलेले चार हप्ते मनीऑर्डरनं पाठवले. चौथा पोचल्यावर नानीचं पोस्टकार्ड आलं, नातवाच्या अक्षरात. भडभुंजिणीची सून बाळंत झाली, मडकं तिकडं पोचलं, आणि खाली एक ओळ : "नई कमेटी में आपका नाम लिख लिया है."

आजीनं कार्ड दोनदा वाचून घेतलं आणि मला 5 रुपये देऊन पोस्टात पिटाळलं.