चित्रग्रीव : हातोहात फिरलेलं एक पुस्तक

आज आपण एका बालकादंबरीविषयी बोलणार आहोत. पण कथानक, शैली, पात्रं असं नेहमीचं बोलणं थोडं बाजूला ठेवू. एक पुस्तक या हातातून त्या हातात जातं, तेव्हा नेमकं काय घडतं, हा आजचा प्रश्न आहे. आणि इतिहासात या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला एक साल फार उपयोगी वाटतं. ते साल म्हणजे 1928.

त्या वर्षी मार्च महिन्यात कॅलिफोर्नियात वैष्णोदास बगाई या गृहस्थांनी आत्महत्या केली. 1915 साली ते बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. दुकान काढलं, 1921 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्वही मिळवलं. पण फेब्रुवारी 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. हे थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते, बरं का. या निकालानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. बगाई त्यातले एक.

आणि त्याच 1928 साली, त्याच देशात, मुलांच्या पुस्तकासाठीचा सर्वांत मानाचा पुरस्कार, न्यूबेरी पदक, एका बंगाली माणसाला मिळाला. धनगोपाल मुखर्जी. पुस्तकाचं इंग्रजी नाव 'गे-नेक'. म्हणजे आपला 'चित्रग्रीव', रंगीत मानेचा. एका कबुतराची गोष्ट.

आता कायदा ज्याला दारात उभं करायला तयार नाही, त्याच्या गळ्यात पदक कसं पडलं? हा योगायोग नाही. त्यासाठी हे पदक देतं कोण, ते पाहावं लागतं.

न्यूबेरी हे नाव अठराव्या शतकातल्या जॉन न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकाचं. 1744 साली त्यानं मुलांसाठी एक छोटं पुस्तक काढलं आणि त्याच्यासोबत मुलग्यांना चेंडू, मुलींना टाचण्यांची उशी विकली. म्हणजे 'पुस्तकासोबत भेटवस्तू' ही युक्तीही काही आजची नाही! पदकाची कल्पना मात्र 1921 सालची, फ्रेडरिक मेल्चर यांची. ते स्वतः पुस्तक-व्यवसायातले. पण निवड त्यांनी प्रकाशकांकडे दिली नाही, समीक्षकांकडे दिली नाही. ती दिली मुलांच्या ग्रंथपालांकडे. 1922 साली पहिल्या पदकासाठी ग्रंथपालांची मतं मागवली. 212 मतं आली, त्यातली 163 एकाच पुस्तकाला पडली. पुढे निवड समितीकडे गेली, पण समितीही ग्रंथपालांचीच.

हे लोक कोण? तर रोज मुलांच्या हातात पुस्तक देणारे आणि परत घेणारे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक ग्रंथालयांत लहान मुलांना मज्जावच असे. मुलं पुस्तकं मळवतात, फाडतात, हरवतात, हे कारण. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात अ‍ॅन कॅरल मूर यांनी 1906 पासून मुलांच्या विभागाचं काम हाती घेतलं. तिथं मुलानं एका मोठ्या वहीत आपलं नाव लिहायचं, म्हणजे पुस्तक नीट सांभाळीन असं वचन द्यायचं, की पुस्तक घरी न्यायला मोकळं. बघा, जामीन मागितला नाही, वचन मागितलं. ज्यांचे आईवडील नुकतेच बोटीतून उतरलेत अशी कितीतरी मुलं त्या वहीत नाव लिहीत होती. अशा खोलीत काम करणाऱ्या माणसाची चांगल्या पुस्तकाची व्याख्या वेगळी असते. ते पुस्तक एकाला आवडून भागत नाही. ते पुढच्याला, त्याच्या पुढच्याला द्यावंसं वाटलं पाहिजे.

आता मुखर्जींकडे येऊ. जन्म 1890 चा, कलकत्त्याजवळचा. थोरले बंधू जादूगोपाल क्रांतिकारक, 'युगांतर'चे मोठे कार्यकर्ते. धनगोपाल आधी जपानला गेले, तिथून कॅलिफोर्नियाला. हातात पैसा नाही, शेतमजुरी केली, शिक्षण घेतलं, आणि लिहायला लागले. 'चित्रग्रीव' 1927 मध्ये आलं. कलकत्त्याच्या गच्चीवर कबुतरं पाळणारा एक मुलगा, हिमालयातली भ्रमंती, आणि मग महायुद्ध. हे कबूतर घोंड नावाच्या शिकाऱ्याबरोबर फ्रान्सच्या रणभूमीवर निरोप पोचवायला जातं. परत येतं तेव्हा ते भीतीनं इतकं खचलेलं असतं, की उडूच शकत नाही. शेवटी एका बौद्ध मठात ते त्या भीतीतून बाहेर येतं.

अमेरिकन मुलांना हिंदुस्थान तोवर माहीत होता तो मुख्यतः किपलिंगच्या जंगलातून. इथं मात्र हिंदी मुलगा स्वतः 'मी' म्हणून बोलत होता. आणि त्याची अडचण काय, तर आपल्या लाडक्याची भीती कशी घालवायची. ही अडचण ओहायोतल्या मुलालाही कळते.

आपण यातून फार मोठा निष्कर्ष काढायचा मोह टाळला पाहिजे. पुस्तक हातोहात फिरलं म्हणून कायदा बदलला का? नाही. हिंदी लोकांना नागरिकत्वाचं दार उघडलं ते 1946 साली, आणि नव्यानं येणाऱ्यांना वर्षाला जेमतेम शंभर जागा. मुखर्जी तोवर नव्हते. 1936 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनीही स्वतःचं जीवन संपवलं. आज न्यूबेरीच्या नियमात लेखक अमेरिकेचा 'नागरिक किंवा रहिवासी' असावा असं आहे. त्यातला तो 'किंवा' मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला मुखर्जी आठवतात.

या सगळ्याचा आपल्याशीही एक धागा आहे, तो बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी आधीच सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं. पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरणार, हे त्यांनी ओळखलं. अमेरिकेतली ग्रंथालयं त्यांनी स्वतः पाहिली होती. 1910 साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. त्यानंतर ज. स. कुडाळकरांसारख्यांनी ते काम पुढे नेलं. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग झाला, आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. एका गावानं वाचायच्या, मग पेटी दुसरीकडे. न्यूयॉर्कची वही आणि बडोद्याची पेटी, दोन्हींच्या मागचा विश्वास एकच, की पुस्तक फिरल्यानं झिजतं, पण संपत नाही.

2001 साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी 'बुकक्रॉसिंग' सुरू केलं. पुस्तकावर क्रमांक घालायचा, बाकावर ठेवून द्यायचं, ज्याला सापडेल त्यानं वाचून पुढे सोडायचं. लोकांना ते अगदी नवं वाटलं. नवं होतं ते क्रमांकाचं तंत्र. बाकी रीत जुनीच.

जुन्या ग्रंथालयीन प्रतीत मागच्या बाजूला परतीच्या तारखांचे शिक्के असतात. वाचणाऱ्याच्या मनात काय झालं हे शिक्का सांगत नाही. पण एवढं नक्की सांगतो, की ज्या वर्षांत मोठी माणसं कोण आपलं आणि कोण परकं याचे खटले लढवत होती, त्याच वर्षांत कुणीतरी मूल दोन आठवड्यांसाठी चित्रग्रीवाला घरी घेऊन जात होतं, आणि वचन पाळून, पुढच्यासाठी परत आणून देत होतं.

तुमच्या घरात एखादं असं पुस्तक असेल, तर ते पुढे द्या. इथं थांबतो.