शेवाळाला नाव देणाऱ्यांची गोष्ट

आपला भूम तालुका खव्याचा. खवा म्हणजे दूध, दूध म्हणजे जनावरं, आणि जनावरं म्हणजे पाणी. म्हणून ईट आणि आसपासच्या बचत गटांच्या बैठकीत उन्हाळा लागला की कर्जाच्या हप्त्याआधी पाण्याचाच विषय निघतो. तळ्याचं पाणी हिरवं झालं की आपण सगळ्या एकच शब्द वापरतो, शेवाळ आलं. हा एक शब्द पुरत नाही, हे ज्यांनी आयुष्यभर शोधून काढलं, त्यांच्याबद्दल आज बोलू या.

पाण्यावर दिसणाऱ्या हिरव्या थरात एक मोठा गट निळ्या-हिरव्या शेवाळाचा असतो. खरं म्हणजे ते शेवाळच नाही. त्याच्या पेशीत वेगळं केंद्रक नसतं, म्हणजे ते जीवाणूंच्या कुळातलं. पण ते वनस्पतीसारखं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं, म्हणून शेकडो वर्षं त्याचा अभ्यास वनस्पतीवाल्यांनीच केला. १९७० नंतर हळूहळू त्याला सायनोबॅक्टेरिया हे नाव रुळलं.

आपल्याकडे या कामाची सुरुवात बरीच जुनी. १९३६ साली एस. सी. दीक्षित यांनी मुंबई इलाख्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळांवर लेख छापला. मग १९४६ मध्ये एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्याचा अभ्यास मांडला. कोणत्या ऋतूत कोणतं शेवाळ येतं, कोणतं जातं, हे त्यांनी नोंदवलं. आम्हाला हे काम फार जवळचं वाटतं. एकच तळं, पुन्हा पुन्हा जाऊन बघणं! पाणी भरणारी बाई वर्षभर हेच करते, फक्त तिचं कुणी लिहून घेत नाही. गोन्साल्विस बाईंनी वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांतलं शेवाळही तपासलं. पुढे एन. डी. कामत यांनी कोल्हापूरची शेवाळं १९६३ मध्ये नोंदवली, आणि नंतर विदर्भाचीही. अष्टेकर यांच्यासोबत त्यांनी आपल्या मराठवाड्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळांची नोंदही केली.

या सगळ्यांच्या हाताशी होता एक सूक्ष्मदर्शक आणि पुढच्या काळात एक ग्रंथ, टी. व्ही. देशिकाचारी यांचा १९५९ चा ‘सायनोफायटा’. जवळपास सातशे पानांचा. धागा सरळ की वळलेला, पेशी डब्यासारखी की मण्यासारखी, भोवती चिकट आवरण आहे का, मध्येच जाड भिंतीची फिकट पेशी दिसते का, असं बघत बघत नाव ठरवायचं. ती फिकट पेशी महत्त्वाची. हवेतला नत्र तिथे पकडला जातो. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातशेतातल्या नत्रात या शेवाळांचा वाटा दाखवून दिला. भातपट्ट्यात शेवाळाचं खत म्हणतात, ते यातूनच आलं.

अडचण अशी की हे जीव परिस्थितीप्रमाणे रूप बदलतात. भरपूर खत मिळालं की वेगळे, उपाशी राहिले की वेगळे. मग एकाच जीवाला तीन नावं पडायची, नाहीतर तीन जीवांना एकच. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ड्रूए यांनी तर वैतागून सुमारे दोन हजार जाती कमी करत साठेकांवर आणल्या. आमच्या मते हा उपाय रोगापेक्षा जड होता, आणि बहुतेक अभ्यासकांनी तो मानलाही नाही.

वाट मोकळी झाली जनुकांमुळे. सगळ्या जीवाणूंत असणारा १६-एस नावाचा एक जनुक वाचून कोण कुणाचं नातेवाईक ते बघता येतं. आपण सोयरीक करताना आडनावावर न थांबता गोत, मामाकूळ विचारतो, तसंच काहीसं. २०१७ मध्ये अर्चना सुरडकर आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या मातीतून ‘नॉस्टॉक थर्मोटॉलरन्स’ ही नवी जात नोंदवली. दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, सराफ, दावडा आणि सिंह यांनी दाखवलं की ती नॉस्टॉकच्या घरातली नाहीच. तिच्यासाठी आणि दोन नव्या जातींसाठी त्यांनी वेगळी प्रजाती उभी केली, आणि तिला देशिकाचारींच्या स्मरणार्थ ‘देशिकाचार्या’ असं नाव दिलं. सूक्ष्मदर्शक मात्र कुणी फेकून दिला नाही. नवी जात मांडताना रूप आणि जनुक, दोन्ही द्यावे लागतात.

आता आपल्या तळ्याकडे येऊ. खत देणारं आणि विष देणारं शेवाळ एकाच गटातलं आहे. मायक्रोसिस्टिस नावाच्या जातींपैकी काही यकृताला घातक विष तयार करतात, आणि पाणी उकळून ते विष जात नाही. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असं पाणी नीट शुद्ध न करता डायलिसिसला वापरलं गेलं आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. काठी घालून बघितलं आणि लांब धागे काठीला गुंडाळून वर आले, तर ते बहुतेक साधं हिरवं शेवाळ असतं. रंग सांडल्यासारखा दाट हिरवा थर काठीला नुसता माखला, तर संशय घ्यायचा. यावरून विष आहे की नाही हे कळत नाही, ते प्रयोगशाळाच सांगू शकते. तोवर म्हशींना त्या काठावर पाणी पाजू नका, पोरांना उतरू देऊ नका, आणि ग्रामपंचायतीत पाण्याच्या तपासणीचा अर्ज द्या. अर्जात नुसतं ‘शेवाळ’ लिहू नका. रंग, वास, थर कसा आहे आणि कोणत्या तारखेपासून दिसतोय, एवढं लिहा.