कॉलेजात न गेलेले शिक्षणमंत्री

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आमच्या शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन होतो. टेबलावर मौलाना अबुल कलाम आझाद यांची तसबीर ठेवली जाते. दोन मुलं उर्दूत भाषण करतात, दोन मराठीत. मक्केत जन्म, 'अल हिलाल' साप्ताहिक, स्वातंत्र्यलढा, देशाचे पहिले शिक्षणमंत्री, भारतरत्न अशी वाक्यं ठरलेली असतात. मी गेवराईत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे ही भाषणं बहुतेक वेळा मीच लिहून दिलेली असतात.

दोन वर्षांपूर्वी भाषणं संपल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मौलाना कोणत्या कॉलेजात शिकले?"

"कोणत्याच नाही."

"मग शिक्षणमंत्री कसे झाले?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "ते फार हुशार होते, बेटा."

उत्तर देऊन मी मोकळा झालो, पण घरी आल्यावर ते खटकत राहिलं. एखादा माणूस हुशार होता म्हणून मोठा झाला, असं मुलांना सांगणं म्हणजे 'तुमच्याकडून ते होणार नाही, नाद सोडा' असं सांगणंच आहे. शिवाय ते उत्तर अर्धवट होतं. मौलाना हुशार होते यात शंका नाही, पण त्यांनी स्वतःला कसं घडवलं हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मी बी.एड. केलेला माणूस, आणि ते नीट वाचलं नव्हतं.

घरातला मदरसा

मौलानांचा जन्म १८८८ चा. दोन वर्षांचे असताना कुटुंब कलकत्त्याला आलं. वडील मौलाना खैरुद्दीन नामांकित आलिम आणि पीर होते. नव्या शिक्षणावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. मुलाला त्यांनी शाळेत घातलं नाही, घरीच शिकवलं, पुढे एकेका विषयाला एकेक उस्ताद ठेवला. अरबी, फारसी, मंतिक, गणित, फलसफा असा जुना अभ्यासक्रम या मुलानं सोळाव्या वर्षापर्यंत संपवला. शिकलेलं दुसऱ्याला शिकवता आल्याशिवाय तालीम पुरी होत नाही, अशी तेव्हाची रीत होती. म्हणून वडिलांनी पंधराएक विद्यार्थी गोळा करून मुलापुढे बसवले. आमच्या बी.एड.च्या सराव पाठांची मला इथं आठवण झाली.

इथवर सगळं वडिलांनी ठरवलेलं होतं. त्यानंतर मौलानांच्या हाती सर सय्यद अहमद खान यांचं लेखन पडलं. नवं विज्ञान, नवं तत्त्वज्ञान वाचल्याशिवाय आपण खरे शिकलेले नाही, हे त्यांना पटलं, आणि त्यासाठी इंग्रजी हवी होती. मौलवी मुहम्मद यूसुफ जाफरी यांनी त्यांना मुळाक्षरं आणि प्यारीचरण सरकारांचं पहिलं पुस्तक शिकवलं. पुढची वाट त्यांनी स्वतः काढली. बायबलची इंग्रजी, फारसी आणि उर्दू अशी तीन भाषांतली पुस्तकं मिळवली आणि शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रं वाचायला सुरुवात केली.

ही पद्धत मी आता वर्गात वापरतो. एकाच घटनेची बातमी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही दैनिकांतून कापून आणतो आणि मुलांना समोरासमोर ठेवून वाचायला लावतो. खर्च दोन पेपरांचा. ज्यांच्या घरात उर्दू आणि गल्लीत मराठी आहे, त्या आमच्या मुलांना हे लवकर जमतं. एक भाषा अडली की दुसरी हात देते.

गेलेले कागद

मौलानांच्या आयुष्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट भाषणांत कधी येत नाही. कुरआनचा उर्दू तर्जुमा आणि त्यावरचं भाष्य हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं होतं. १९१६ साली सरकारनं त्यांना बंगालमधून हद्दपार केलं आणि ते रांचीला गेले. तिथं १९१९ च्या अखेरीपर्यंत नजरकैदेत होते. झडतीत पोलिसांनी लिहिलेले कागद उचलून नेले. मौलानांनी पुन्हा लिहायला घेतलं. १९२१ साली पुन्हा अटक झाली, पुन्हा कागद गेले. परत मिळाले तेव्हा ते फाटके, विस्कटलेले, एकमेकांत मिसळलेले होते.

त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना त्या कामाकडं वळण्याचं मन झालं नाही. हेही त्यांनी लपवलं नाही. शेवटी १९२७ साली ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले आणि त्यातून 'तर्जुमानुल कुरआन' उभं राहिलं. मधली ती रिकामी वर्षं मला महत्त्वाची वाटतात. इतका शिस्तीचा माणूसही मोडून पडला होता. तो पुन्हा बसला, हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

नगरचा किल्ला

मौलानांच्या शिस्तीची सर्वात मोठी परीक्षा आमच्या शेजारी झाली. बीड आणि नगर या दोन जिल्ह्यांची हद्द आज एसटीत बसल्या बसल्या ओलांडली जाते. १९४२ साली मात्र तीच निजामाचं राज्य आणि इंग्रजांचा मुलूख यांच्यातली सीमा होती. आमचं गेवराई निजामाकडं, नगरचा किल्ला इंग्रजांकडं. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडून सरकारनं याच किल्ल्यात आणलं. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. सोबत नेहरू, पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, शंकरराव देव अशी मंडळी होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं, १९४४ साली पाच महिन्यांत.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतः चिनी चहा करत आणि लिहायला बसत. मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला ते पत्रं लिहीत होते, पण ती पाठवता येणार नव्हती. लिहून ठेवून द्यायची, एवढंच. चहा, चिमण्या, कैद्यांनी केलेली फुलबाग, संगीत, इतिहास, खुदाचं अस्तित्व, कशावरही ते लिहीत. किल्ल्याच्या तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी 'चीता खान' हे नाव ठेवलं होतं. मोगलांशी लढणाऱ्या चाँदबीबीच्या काळातला हा किल्लेदार. वाचलेला इतिहास असा कैदेतही करमणुकीला आला. ही पत्रं १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' नावानं छापली गेली.

९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचं निधन झालं. शेवटची भेट झाली नाही. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना सांगतात की, आजारपणाच्या बातम्या येत असतानाही त्यांनी दिनक्रम मोडला नाही. जेवणाच्या खोलीत ठरल्या वेळी जाणं, बोलणं, पेपर चाळणं सगळं चालू ठेवलं. आणि मग ते कबूल करतात की हा देखावा होता, मनातला अहंकार हे सोंग वठवत होता. आवारात एक जुनी कबर होती. ती त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. आता तिच्याकडं बघताना वेगळाच जिव्हाळा वाटू लागला, असं ते लिहितात.

१९४५ साली सुटका झाल्यावर कलकत्त्याच्या स्टेशनावर गर्दी जमली होती. मौलाना आधी पत्नीच्या कबरीवर गेले. मोटारीत उरलेला एक हार त्यांनी तिथं ठेवला आणि फातिहा पढली.

माझी आठ महिन्यांची किताब

'गुबार-ए-खातिर' मी औरंगाबादेत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं होतं, नोकरी लागायच्या आधी. चाळीसेक पानं वाचून ठेवून दिलं, कारण त्यातली फारसी झेपली नाही. 'उर्दूचा शिक्षक' म्हणवून घेत पंधरा वर्षं मी ते कपाटात ठेवलं. रात्री वेळ नव्हता असं नाही, हातात मोबाइल होता.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर फजरची नमाज झाल्यावर रोज दोन पानं वाचायची ठरवली, शेजारी लुगत ठेवून. तिसऱ्या महिन्यात अब्बा आजारी पडले आणि सात आठवडे किताब उघडली गेली नाही. पूर्वीचा मी असतो तर तिथंच सोडली असती. पण तोवर मी त्या गेलेल्या कागदांविषयी वाचलं होतं. पुन्हा बसलो. एकूण आठ महिने लागले.

आमच्या शाळेत शिक्षण दिन येतो तो ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास. टोळ्या निघतात आणि बाकं रिकामी होतात. तो प्रश्न विचारणारी मुलगीही पुढच्या आठवड्यात आई-बापांसोबत कारखान्यावर गेली. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होती, पण कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. ती एप्रिलमध्ये परतली. भागाकार विसरली होती, उर्दूचं वाचन अडखळत होतं. म्हणाली, "सर, सगळं गेलं."

या वेळी मी तिला 'तू हुशार आहेस' असं म्हटलं नाही. रांचीची गोष्ट सांगितली. पोलिसांनी कागद कसे नेले, मौलाना किती वर्षं गप्प बसले आणि मग पहिल्या पानापासून कसे लिहू लागले. तिनं विचारलं, "पहिल्यापासून? सगळं?" मी म्हणालो, "सगळं." दुसऱ्या दिवशी आम्ही दोन अंकी भागाकारापासून सुरुवात केली.

ऊस थांबणार नाही आणि एका गोष्टीनं गरिबी हटत नाही, हे मला माहीत आहे. टोळीसोबत गेलेल्या मुलीचं शिक्षण हा सरकारच्या आणि आपल्या सगळ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे. तिच्या एकटीच्या जिद्दीवर तो ढकलता येणार नाही. मौलाना पुढे शिक्षणमंत्री झाले तेव्हा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह त्यांनी धरला होता. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाला शाळेची किंमत कळत होती.

यंदाच्या ११ नोव्हेंबरसाठी मी नवं भाषण लिहिलंय. त्यात भारतरत्न शेवटी एका ओळीत आहे. बाकी तीन बायबलं, नेलेले कागद आणि पहाटेचा चहा आहे. ते भाषण त्याच मुलीनं करायचं ठरलंय. घरची मंडळी त्याआधी निघाली नाहीत, तर ती करेल. निघाली, तर भाषणाचा कागद सोबत देईन.